न उडणारा कापूर

शेजारच्या काकू सकाळी सकाळी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या चिमटीत एक वीतभर रोप होतं. पाच-सहा पानं, मुळांना ओली माती आणि त्या मातीत गिलाव्याचे पांढरे कण. "ओळखता का?" त्यांनी विचारलं. चष्मा आत राहिला होता, म्हणून मी नुसताच बघत राहिलो. "तुमचं पोर आहे हे. आमच्या पन्हळीखाली भिंतीच्या भेगेत वाढत होतं. काढायला गेले तर मूळ भिंत सोडेना, निम्मं तुटलं बघा." मला पटलेलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी एक पान खुडलं, तळहातावर चोळलं आणि हात सरळ माझ्या नाकाखाली धरला. कापूर! जरासा मिरमिरीत, मागे ओल्या लाकडाचा वास असलेला, पण कापूरच. मी हसलो, त्याही हसल्या. "औषधी झाड, आणि तेही आपल्या पायांनी आलेलं. कुंडीत लावते," असं म्हणून त्या ते रोप दुसऱ्या तळहाताच्या आडोशाला धरून, दिवा विझू नये म्हणून सांभाळतात तसं नेत, परत गेल्या. फाटकाशी त्या दिसल्या तेव्हा मी तक्रारीची तयारी ठेवली होती. त्या तर आनंद सांगायला आल्या होत्या.

मला मात्र ते रोप दिवसभर टोचत राहिलं.

आमच्या अंगणातलं कापराचं झाड आता अकरा वर्षांचं आहे. एका मित्रानं ते दिलं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्याला औषधी झाडांचं वेड आहे. कुणाकडे जाताना तो मिठाई नेत नाही, रोप नेतो आणि त्याच्या पिशवीला चिठ्ठी बांधतो. माझ्या चिठ्ठीवर ‘कापूर (औषधी, शोभेचे)’ एवढंच होतं. आळं करताना, खत घालताना, पहिल्या उन्हाळ्यात त्याच्यावर गोणपाटाची सावली धरताना माझ्या डोक्यात ते दोनच शब्द होते. झाडानंही दोन्ही शब्द खरे करून दाखवले. कोवळी पालवी हिरवी नसते. आधी गुलाबी, मग तांबूस, मग पोपटी होत होत ती एके दिवशी चकचकीत हिरवी होते. पान देठाशी धरून उजेडाकडे केलं की बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिरा दिसतात. त्या शिरांच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढे फुगवटे असतात आणि त्यांत डोळ्यांना न दिसणारे कोळी-किडे भाड्यानं राहतात. जुनी पानं गळायच्या आधी लाल होतात, त्यामुळे वर्षभर हिरव्या झाडावर कुठे ना कुठे एखादं लाल पान असतंच. सालीला उभ्या खाचा पडल्यात. वारा आला की पानांची सळसळ होते, पण वास येत नाही. वास हवा असेल तर पान चुरगळावं लागतं. पाहुण्यांना मी नेहमी हेच करून दाखवायचो. एक पान तोडायचं, चोळायचं आणि समोरच्याचा चेहरा बदलताना बघायचा. अकरा वर्षांत मी त्या झाडाचा कितीदा मिरवणुकीतल्या हत्तीसारखा वापर केला, त्याचा हिशेब नाही.

कापूर म्हटलं की मला आठवते ती कंपासपेटी. मी तिसरी-चौथीत असेन. कपाटातून चोरलेली कापराची एक वडी मी त्या पेटीत, खोडरबराच्या शेजारी लपवून ठेवली होती. वर्गात पेटी उघडली की आजूबाजूची मुलं वळून बघायची, आणि ती माझी श्रीमंती होती. काही आठवड्यांनी बघतो तर वडी नाही. नुसता वास, तोही निम्मा. मी धाकट्या भावावर आळ घेतला. तो रडला, शपथा घेतल्या, तरी मी त्याला दोन धपाटे घातले. पुढे विज्ञानाच्या तासाला संप्लवन शिकवलं, स्थायूचं द्रव न होता थेट वायू होणं, आणि उदाहरण म्हणून बाईंनी कापराचं नाव घेतलं, तेव्हा माझे कान तापले. घरी जाऊन भावाला काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. आपल्या भाषेनंही कापराला तेवढंच ओळखलंय. माणूस पैसे घेऊन पसार झाला की आपण म्हणतो, कापरासारखा उडाला. कापूर म्हणजे जे राहत नाही ते. मागे राख ठेवत नाही, डाग ठेवत नाही, पुरावा ठेवत नाही. असल्या वस्तूचं झाड काकूंच्या भिंतीत मूळ रुतवून बसतं आणि उपटताना निम्मं तुटतं तरी सोडत नाही, हे मला काही केल्या जुळवता येत नव्हतं.

आता गंमत सांगतो. ज्या कापरासाठी मी हे झाड हौसेनं लावलं, तो कापूर आज बहुतेक करून या झाडापासून येतच नाही. पाइनच्या डिंकापासून निघणाऱ्या टर्पेंटाइनवर प्रक्रिया करून तो कारखान्यात बनतो. गुस्ताफ कोम्पा नावाच्या फिनलंडच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०३मध्ये कापूर प्रयोगशाळेत पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधून दाखवला, आणि पुढच्या काही दशकांत झाडाची गरज संपत गेली. त्याआधी तैवानच्या डोंगरांतले शेकडो वर्षांचे कापूरवृक्ष पाडून, लाकडाच्या ढलप्या करून, त्या वाफेवर शिजवून कापूर काढत. वाफ थंड भांड्यात गेली की पांढरे स्फटिक जमायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेल्युलॉइड नावाचं सुरुवातीचं प्लास्टिक आलं, त्याच्या कंगव्यांपासून सिनेमाच्या फितींपर्यंत सगळ्यात कापूर लागायला लागला, आणि तैवान ताब्यात घेतलेल्या जपाननं १८९९मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्ता बसवला. डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी, जंगलं, माणसं या वासाच्या पायी गेली. आणि आपले पूर्वज ज्याला भीमसेनी कापूर म्हणत तो आणखीनच वेगळा, बोर्निओ-सुमात्राकडच्या निराळ्याच एका महावृक्षाच्या लाकडाच्या भेगांत सापडणारा. एवढंच नाही, आमच्या झाडाच्या जातीतसुद्धा सगळ्यांच्या पानात कापूर प्रमुख असतोच असं नाही. दिसायला तंतोतंत सारखी झाडं, पण एकाच्या तेलात कापूर, दुसऱ्याच्यात लिनॅलूल नावाचं सुगंधी द्रव्य, तिसऱ्याच्यात निलगिरीसारखा वास देणारं सिनिओल. म्हणजे माझ्या मित्राच्या चिठ्ठीवरचा ‘कापूर’ हा शब्दही नशिबानंच खरा ठरला होता.

सहा-सात वर्षांचं होईपर्यंत झाडाला फळ नव्हतं. मग एका वर्षी बारीक, पिवळट-पांढरी फुलं आली. इतकी बारीक की खाली सतरंजीवर पडलेली पाहून मी आधी वर बघितलं, कुणी तांदळाच्या कण्या सांडल्या का म्हणून. त्यानंतर हिरवे मणी धरले, ते फुगले, काळे झाले. बुलबुलांची एक जोडी कुठून तरी आली, मग चार झाले, मग मोजणं अवघड झालं. त्या दिवसांत मी खुर्ची टाकून त्यांना बघत बसायचो. एक फळ गिळायचं, मान वर करायची, चोच फांदीवर पुसायची, पुढचं फळ. फांदी हलायची, दोन-चार मणी टपटप खाली पडायचे. माझ्या अंगणात पाखरं आली याचा मला कोण अभिमान! फोटो काढले, लोकांना पाठवले. मात्र खाऊन झाल्यावर ती पाखरं कुठे जाऊन बसतात, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. आता येतो. पन्हळीच्या काठावर बसतात. विजेच्या तारेवर बसतात. ओढ्याकाठच्या झुडपांत बसतात. फळाचा गर पोटात राहतो, बी खाली पडते, तीही गर निघून साफ झालेली, उगवायला तयार.

काकू आल्या त्या दिवशी संध्याकाळी मी ओढ्याकडे गेलो. आमच्या घरामागे, चालत सात-आठ मिनिटांवर. त्या वाटेनं मी रोज फिरायला जातो, रोज. तरी पाहिलं नव्हतं. काठावरच्या ओलसर मातीत, दगडांच्या आडोशाला, तारेच्या खाली ओळीनं, ती चकचकीत तीन शिरांची पानं. काही बोटाएवढी, दोन-तीन माझ्या गुडघ्याएवढी. खात्री करायला वाकून एकेक पान चोळत गेलो. कापूर. कापूर. कापूर. एकवीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. उठून उभा राहिलो तेव्हा हाताला इतका वास येत होता की घरी येऊन साबणानं दोनदा धुतला, तरी रात्री अंथरुणात तो येतच राहिला.

त्या रात्री मी वाचायला बसलो. वाचू नये अशा गोष्टी रात्रीच वाचाव्याशा वाटतात. ऑस्ट्रेलियात हे झाड १८२२मध्ये गेलं. शोभेसाठी, सावलीसाठी. शाळांच्या मैदानांत, उद्यानांत, रस्त्यांच्या कडेला लोकांनी ते कौतुकानं लावलं. जवळजवळ शंभर वर्षं ते शहाण्यासारखं लावलेल्या जागी उभं राहिलं. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला ‘बिग स्क्रब’ नावाचं सुमारे ७५ हजार हेक्टरांचं वर्षावन होतं. एकोणिसाव्या शतकात माणसांनी ते दुभत्या जनावरांच्या कुरणांसाठी साफ केलं. आज त्यातलं शेकडा एकही उरलेलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुधाचा धंदा बसला, कुरणं ओस पडली, आणि त्या मोकळ्या उतारांवर, ओढ्यांच्या काठांनी कापूर चढत गेला. आता तिथे मैलोन्मैल त्याचीच रानं आहेत. तोडला तर बुंध्यातून दहा फुटवे येतात, म्हणून लोक खोडाला भोकं पाडून त्यांत तणनाशक भरतात. अमेरिकेत फ्लोरिडातही तो उपद्रवी झाडांच्या यादीत आहे. वाचता वाचता माझं बोट त्या शंभर वर्षांवर अडकलं. शंभर वर्षं काही झालं नाही. म्हणजे लावणारा गेला, त्याची मुलं गेली, कदाचित नातवंडंही झाडाचं कौतुक करत गेली. ज्यानं आळं केलं, त्याच्यापर्यंत निकाल पोचलाच नाही.

पण गोष्ट एवढ्यावर संपली असती तर बरं झालं असतं. मी उठून कुऱ्हाड तरी शोधली असती. अडचण अशी की त्याच ऑस्ट्रेलियात पांढऱ्या डोक्याचं एक कबुतर आहे. जंगलं तुटली तशी त्याची संख्या घसरत गेली होती. मग कापूर पसरला, त्याची काळी फळं भरपूर झाली, आणि कबुतरं पुन्हा वाढली. वर्षावनातली फळं खाणारे दुसरे पारवेही त्या रानांत येऊ लागले. ते येताना पोटात जुन्या जंगलाच्या उरल्यासुरल्या झाडांच्या बिया घेऊन येतात आणि त्या कापराच्या सावलीत टाकतात. त्यामुळे कापराच्या दाट रानात खाली बघितलं तर मूळच्या वर्षावनाची पोरं उगवलेली सापडतात. तिथली झाडांची जाणकार माणसं म्हणून सरसकट करवत चालवत नाहीत. थोडेथोडे कापूरवृक्ष उभ्या उभ्याच मारतात, वाळलेल्या फांद्या पाखरांना बसायला ठेवतात, खालच्या रोपांना उजेड देतात, आणि मग पुढचा तुकडा घेतात. घुसखोराच्या खांद्यावर बसवून घरधन्याला घरी आणायचं, असा हा सगळा प्रकार. मला ही माणसं फार आवडली. त्यांना झाडाचा राग नव्हता, आणि मायाही त्यांच्या कामाच्या आड येत नव्हती.

आणि जपानात? कागोशिमाजवळ कामो इथे एक कापूरवृक्ष आहे, सुमारे दीड हजार वर्षांचा, त्याचा बुंधा २४ मीटरांहून जास्त घेराचा. देवळाशेजारी उभा आहे आणि लोक त्याच्यापुढे हात जोडतात. नागासाकीत अणुबॉम्ब पडला त्या जागेपासून साधारण ८०० मीटरांवर, सान्नो देवस्थानाशी दोन कापूर होते. १९४५च्या त्या सकाळी त्यांची पानं, फांद्या, सगळं गेलं. जळके खुंट उरले. मेलीच असं सगळ्यांनी धरलं. काही काळानं त्यांना पालवी आली, आणि आज ती दोन्ही झाडं डेरेदार आहेत. दक्षिण आफ्रिकेत तर एकाच देशात दोन न्याय. केप टाउनजवळ व्हर्खेलेखन इथे डच गव्हर्नरनं १७००च्या सुमारास लावलेली पाच झाडं १९४२मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. त्याच देशाच्या पूर्वेकडच्या प्रांतांत हीच जात उपटून टाकायच्या यादीत. जो चिवटपणा नागासाकीत वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तोच चिवटपणा न्यू साउथ वेल्सच्या सरकारी पत्रकात ‘तोडल्यावर जोमानं फुटतो’ अशा रुक्ष वाक्यात तक्रार म्हणून लिहिलेला होता.

तो ‘औषधी’ शब्दही मला आता पूर्वीसारखा वाचता येत नाही. लहानपणी छाती भरली की आई तेलात कापूर विरघळवून, कोमट करून चोळायची. तिच्या तळहाताचा खरखरीतपणा आणि वासाची थंड सुई नाकातून थेट कपाळात जाणं हे दोन्ही मला एकाच क्षणात आठवतं. त्या वासानं मी बरा व्हायचो की हातानं, देव जाणे. पण हाच कापूर चुकून पोटात गेला तर लहान मुलांना काही मिनिटांत झटके येतात. थोडासाही पुरतो. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कापराचं तेल बाजारातून काढून टाकलं आणि चोळायच्या मलमांत ११ टक्क्यांची मर्यादा घातली ती याचसाठी. त्याच्याही आधी, १९३४मध्ये, लाडिस्लास मेडुना नावाच्या डॉक्टरनं बुडापेस्टमध्ये मनोरुग्णांना तेलातल्या कापराची इंजेक्शनं दिली होती, ती मुद्दाम झटके यावेत म्हणून. झटक्यांनी आजार पळेल असा त्याचा कयास होता, आणि पुढच्या विजेच्या झटक्यांच्या उपचारांची वाट तिथून निघाली. औषध आणि विष यांत मात्रेचा फरक, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. पण ते आपण वडीला लावतो, मलमाला लावतो. झाडाला कुणी लावत नाही. झाडावर ‘औषधी’ अशी चिठ्ठी लागली की चौकशीच संपते. किती लावायची, कुठे, फळ धरल्यावर काय, हे काही मी मित्राला विचारलं नाही. त्यानंही ते कुणाला विचारलेलं नसणार.

घाणेरीचंच बघा ना. आज जिचं नाव घेताना नाक मुरडतो, ती कधीकाळी कुणीतरी बागेची शोभा म्हणूनच समुद्रापलीकडून आणली. एकाच गुच्छात पिवळी, गुलाबी, नारिंगी फुलं. पहिल्यांदा बघणाऱ्यानं कौतुकच केलं असेल. त्या माणसानं तिला घाणेरी नक्कीच म्हटलं नसेल. नाव पुढे पडलं, रानं भरल्यावर. बाहेरून आलेल्या झाडांविषयी शास्त्रज्ञांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: दहा आणली तर त्यातलं एखादं स्वतःच्या बळावर रुजतं, आणि अशा रुजलेल्या दहांतलं एखादं डोक्यावर बसतं. म्हणजे शंभरात एक. धीर देणारा आकडा आहे. फक्त ते शंभरातलं एक रोपाच्या पिशवीत असताना बाकीच्या नव्व्याण्णवांसारखंच दिसतं. आमच्या ओढ्याकाठची रोपं पुढच्या पावसात वाहून जातील, गुरं तुडवतील, किंवा काहीच होणार नाही. किंवा माझ्या नातवाच्या नातवाला त्या काठावर दुसरं झाडच दिसणार नाही. मी मधेच कुठेतरी उभा आहे, आणि एकवीसपर्यंत मोजून सोडून दिलंय.

मित्राला फोन केला. तो मोठ्यानं हसला. "अरे, जगात लोक झाड जगत नाही म्हणून रडतात. झाड जगतंय म्हणून रडणारा तू पहिलाच!" मी त्याला ऑस्ट्रेलिया सांगितलं, शंभर वर्षं सांगितली. थोडा वेळ तिकडून नुसता पंख्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी चाळीसेक जणांना दिलंय रे." पुढे कुणीच काही बोललं नाही. फोन ठेवायच्या आधी त्यानं विचारलं, "पण तुझं चांगलं वाढलंय ना?" मी म्हटलं, फार छान वाढलंय. त्या क्षणी ते दोघांनाही बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

तोडायचा विचार केला. खरंच केला. झाडं तोडणाऱ्या माणसाला बोलावून दाखवलंसुद्धा. तो बुंध्याला हात लावून म्हणाला, लाकूड चांगलंय, पेटी करा, कसर लागणार नाही. त्यानं दोर कुठे बांधायचा ते बघितलं, फांद्या कुठल्या बाजूला पाडायच्या ते ठरवलं. मी त्याला पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालो. तो अनुभवी माणूस, हसला. पुन्हा विचारायला आला नाही. तोडण्याऐवजी मी दुसरंच सुरू केलंय, ज्याला धड उपाय म्हणता येत नाही. फळं धरायला लागली की शिडी लावून हात पोचतील तेवढे घोस छाटतो. हात जेमतेम खालच्या तिसऱ्या भागापर्यंत पोचतात. वरचं राज्य पाखरांचं. खाली जुनी चादर अंथरतो, पडलेली फळं गोळा करून उकळत्या पाण्यात टाकतो. बायको म्हणते, स्वयंपाकघराचा दवाखाना झालाय. आणि दर रविवारी सकाळी खुरपं घेऊन ओढ्यावर जातो. माती ओली असेल तेव्हा बोटाएवढी रोपं मुळासकट अलगद येतात. गुडघ्याएवढी मात्र त्रास देतात; त्यांचं मूळ आधीच खाली कुठेतरी बोलणी करून बसलेलं असतं. उपटताना पानं चुरगळतात आणि तो वास सुटतो. दर वेळी मला आईचा हात आठवतो, आणि दर वेळी मी पुढचं रोप धरतो. याची सवय होईल असं वाटलं होतं. वास काही केल्या जुना होत नाही.

फिरायला येणारे लोक विचारतात, काय काढताय? मी सांगतो, तण. एकदा एका मुलीनं पान चोळून बघितलं आणि म्हणाली, "काका, याला तर किती छान वास येतो, हे तण कसं असेल?" मी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कुठून सुरुवात करावी तेच कळेना. १८२२ पासून? कंपासपेटीपासून? मी म्हटलं, "जागा चुकली त्याची." ती पटल्यासारखी मान हलवून गेली. मला स्वतःला ते अर्धंच पटलं होतं. झाडाची कसली जागा चुकली? ते तर पाखरानं टाकलं तिथे उगवलं.

गेल्या महिन्यात काकू पंधरा दिवस लेकीकडे गेल्या. जाताना किल्ली देऊन म्हणाल्या, "कुंड्यांना पाणी तेवढं घाला हो. तुळशीला रोज, बाकीच्यांना दिवसाआड." रविवारी मी ओढ्यावरून परत आलो तो खुरपं हातात, नखांत माती. त्या दिवशी त्रेचाळीस निघाली होती. हल्ली मी मोजणं सोडत नाही. तसाच त्यांच्या ओट्यावर गेलो. तुळशीला पाणी घातलं, मोगऱ्याला घातलं, कोरफडीला नको म्हणून सोडली. कोपऱ्यात, उन्हाच्या बाजूला, ते होतं. तुटलेल्या निम्म्या मुळावर जगलेलं. काकूंनी त्याला बारीक काडीचा आधार दिला होता, सुताची सैल गाठ मारली होती. औषधाच्या रिकाम्या खोक्याचा तुकडा कापून त्यावर पेननं लिहिलं होतं: ‘कापूर’. शेंड्याला दोन नवी पानं फुटत होती, अजून गुलाबी.

माती वाळून कुंडीच्या कडेपासून सुटली होती. उन्हाळ्याचे दिवस. पंधरा दिवसांत एखादं रोप जळालं, तर कुणी कुणाला विचारत नाही. काकूंनी तर नक्कीच विचारलं नसतं. उलट मलाच म्हणाल्या असत्या, जाऊ द्या हो, तुमच्याकडे मोठं आहे की. मी तांब्या हातात धरून उभा राहिलो. बोटांना सकाळच्या त्रेचाळिसांचा वास येत होता. समोरच्या तारेवर एक बुलबुल येऊन बसला, शेपूट हलवून उडून गेला.

पाणी ओतलं ते भराभर मुरलं. वरची माती पुन्हा कोरडी दिसायला लागली, म्हणून आणखी अर्धा तांब्या घातला.